रंगमंचासाठी पहिला कीबोर्ड घेताना

दुकानात सगळेच कीबोर्ड गोड वाजतात. गारवा असतो, भरपूर उजेड असतो, विक्रेता डेमोचं बटण दाबतो आणि समोरून अख्खा वाद्यवृंद वाजू लागतो. मी माझा पहिला कीबोर्ड असाच घेतला होता. त्यात सहाशेच्या वर टोन होते, एवढ्या एका गोष्टीवर. तिसऱ्या कार्यक्रमात निवेदकाचं बोलणं संपलं, गायिका माइकजवळ आली, तबलजीने माझ्याकडे पाहिलं आणि मी अंधारात बासरीचा टोन शोधत होतो. पडदा लहान, क्रमांक आठवेना, बाणाचं बटण दाबत एकेक टोन पुढे सरकवायचा. शेवटी सुरुवातीचा पीस पियानोवरच वाजवला. गाणं पार पडलं, पण गायिकेला तिच्या हक्काची सुरुवात मिळाली नाही, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून कोणी विचारलं की कुठला कीबोर्ड घेऊ, तर मी आधी दोन गाण्यांच्या मधल्या दहा सेकंदांबद्दल बोलतो. त्या दहा सेकंदांत योग्य टोन, योग्य स्केल आणि योग्य आवाज हाताखाली आला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर. भावगीतांचे कार्यक्रम, जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, भजनं, नाट्यगीतांच्या मैफली यांत नव्याने साथ करू लागलेल्यांसाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: दुकानाआधी वही

तुम्ही खरोखर वाजवता किंवा येत्या वर्षभरात वाजवाल अशी वीस गाणी लिहून काढा. प्रत्येक गाण्यासमोर लिहा: कोणते टोन लागतात, एकाच वेळी किती लागतात, गायकाचा स्वर कोणता. माझ्या अशा पहिल्या यादीत सगळे मिळून चौदा टोन निघाले. पियानो, दोन प्रकारचे स्ट्रिंग्ज, बासरी, सतार, संतूर, व्हायब्राफोन, अकॉर्डियन, हार्मोनियम, ऑर्गन, ब्रास, इलेक्ट्रिक पियानो, बेस आणि मागे भरून राहणारा एक मऊ टोन, ज्याला पॅड म्हणतात. सहाशेंपैकी चौदा.

ही यादी हातात असली की कोणत्या जातीचा कीबोर्ड हवा हेही कळतं. अरेंजर कीबोर्ड तुमच्या डाव्या हाताची कॉर्ड ओळखून स्वतः रिदम आणि बेस वाजवतो. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला तो फार उपयोगी. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारख्या खास भारतासाठी केलेल्या वाद्यांत तबला-तानपुऱ्यासह रियाजाची सोयही मिळते. सिंथ किंवा वर्कस्टेशनमध्ये टोन मुळापासून घडवता येतो. रोलंडचा एक्सपीएस-१० हा या कुळातला, हलका, आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत फार दिसणारा. स्टेज कीबोर्ड या सगळ्यांहून वेगळा. त्यात तयार रिदम बहुतेक नसतातच. मोजके, निवडक टोन आणि ते हाताळायला भरपूर बटणं, गोल फिरवायच्या मुठी, वरखाली ओढायच्या सरकपट्ट्या. नॉर्ड स्टेज, यामाहाची सीके आणि वायसी मालिका, रोलंडची आरडी मालिका, कोर्गचा ग्रँडस्टेज ही त्याची उदाहरणं.

तुमच्याबरोबर तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड वाजवणारे असतील तर रिदमसाठी पैसे मोजू नका. नसतील, आणि तुम्ही एकटेच घरगुती कार्यक्रम करत असाल, तर हा लेख वाचूनही अरेंजरच घ्या.

दुसरी पायरी: पट्ट्या आणि तुमचे हात

पियानोला ८८ पट्ट्या असतात, म्हणजे सात सप्तकं आणि वर थोडं. ६१ पट्ट्यांत पाच सप्तकं बसतात. मधल्या मापाचे ७३ आणि ७६ पट्ट्यांचेही मिळतात. साथीला ६१ पुरतात असं सर्रास सांगितलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण डावीकडे बेस, मध्ये स्ट्रिंग्ज, उजवीकडे बासरी अशी तीन भागांत वाटणी, म्हणजे स्प्लिट, केली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन सप्तकंही येत नाहीत, आणि अंतऱ्याच्या तार सप्तकातल्या जागेला बोट पट्टीच्या टोकावर जाऊन थांबतं. ७३ वा ७६ उचलणं जमत असेल तर ते घ्या असं माझं मत आहे.

पट्टीचं वजन हा अधिक महत्त्वाचा प्रश्न. पियानोसारख्या जड पट्टीच्या आत हातोडीची यंत्रणा असते. पियानो शिकलेल्याला तिच्याशिवाय चैन पडत नाही. पण आपल्याकडचे बहुतेक साथीदार हार्मोनियमवरून आलेले. हार्मोनियमची पट्टी हलकी, तिच्यावर बोट घसरतं, मुरकी सहज निघते. जड पट्टीवर तीच मुरकी घ्यायला मनगट भरून येतं. पाश्चात्त्य ऑर्गनसारख्या, पुढच्या कडेला ओठ नसलेल्या सपाट पट्ट्याही असतात. त्यांच्यावरून तळहाताने स्वर घसरवत नेता येतो. साथीच्या कामाला मला मध्यम वजनाची पट्टी सर्वांत मानवते.

दुकानात हे करून पाहा: एकच स्वर तीन बोटांनी आळीपाळीने, जमेल तितक्या जलद वाजवा. पट्टी पूर्ण वर येण्याआधी दुसरा स्वर उमटतो का? मग सारेग, रेगम, गमप असे पलटे दुगुनीत घ्या. मग अगदी हळू, स्वर जेमतेम उमटेल इतक्या मऊ दाबाने एक ओळ वाजवा. बोट किती वेगाने पडलं हे कीबोर्ड १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतो. स्वस्त पट्टीवर मधल्या छटा मिळत नाहीत, एकतर हळू नाहीतर मोठं. हलकी, मध्यम, जड अशी स्पर्शाची निवड सेटिंगमध्ये असते, तीही बदलून पाहा. पहिल्या दोन मिनिटांत न आवडलेली पट्टी पुष्कळदा एवढ्याने सुधारते.

तिसरी पायरी: टोन किती झटक्यात बदलतो

लेखाचा गाभा हाच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट, आवडीचे टोन एका दाबात मिळाले पाहिजेत. पॅनेलवर चार ते आठ मोठी बटणं ओळीने असावीत, त्यांच्यावर तुम्ही ठरवलेले टोन बसावेत, आणि कोणतं चालू आहे ते दिव्यावरून कळावं. मेनूत शिरून, चक्र फिरवून, मग होकाराचं बटण दाबायचं अशी तीन कामं लागत असतील तर दोन गाण्यांच्या मध्येच काय, एका गाण्यातही तुम्ही अडकाल. ध्रुवपदाआधी बासरी, पहिल्या अंतऱ्याआधी स्ट्रिंग्ज, दुसऱ्या अंतऱ्याआधी सतार हे भावगीतात अगदी नेहमीचं आहे.

दुसरी, कार्यक्रमाच्या क्रमाने गाणी लावून ठेवण्याची सोय. बऱ्याच कीबोर्डांत तिला सेटलिस्ट म्हणतात. प्रत्येक गाण्याच्या नावाखाली टोन, स्प्लिट, स्केल सगळं साठवायचं आणि पुढच्या गाण्याला एक बटण पुढे जायचं. आयोजक ऐन वेळी क्रम बदलतात, म्हणून बैठक चालू असताना क्रम खालीवर करता येतो का ते विचारा. पडद्यावर देवनागरी बहुधा उमटत नाही, रोमन अक्षरांत लिहावं लागतं. नाव किमान बारा-पंधरा अक्षरांचं मावावं, नाहीतर ‘या’ने सुरू होणारी चार गाणी सारखीच दिसतात.

तिसरी गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. टोन बदलताना आधीचा स्वर तुटतो का? स्ट्रिंग्जचा लांब स्वर धरलेला आहे, त्यावरच बासरी सुरू करायची आहे. तुम्ही बासरीचं बटण दाबता आणि स्ट्रिंग्ज कापल्यासारखे गप्प होतात. सभागृहात ते फार वाईट ऐकू येतं. चांगल्या स्टेज कीबोर्डात धरलेला जुना स्वर तसाच राहतो आणि नवीन बोटापासून नवा टोन सुरू होतो. ही परीक्षा दुकानात अर्ध्या मिनिटात होते: पायाने सस्टेन, म्हणजे स्वर लांबवणारं पेडल, दाबून एक कॉर्ड धरा, टोन बदला आणि कान द्या. नुसते साधे टोन बदलून थांबू नका, इफेक्ट लावलेले, दोन-तीन टोन एकत्र केलेले पॅच, म्हणजे साठवून ठेवलेल्या मांडण्या, बदलून पाहा. काही वाद्यं सोप्या पॅचला पास होतात आणि अवघडाला नापास.

चौथी, सरकपट्ट्यांची गंमत समजून घ्या. आधीच्या गाण्यात तुम्ही स्ट्रिंग्जची सरकपट्टी खाली ओढलीत. पुढच्या पॅचमध्ये स्ट्रिंग्जचा साठवलेला आवाज मोठा आहे, पण सरकपट्टी तर खालीच. आता तिला हात लावला की आवाज दचकन पडतो. काही कीबोर्ड सरकपट्टी साठवलेल्या जागेपर्यंत पोहोचेस्तोवर तिच्याकडे दुर्लक्ष करतात. काहींवर सरकपट्टीऐवजी दिव्यांची पट्टी किंवा न थांबता गोल फिरणारी मूठ असते, तिथे ही अडचणच येत नाही. यातलं कोणतंही चालेल, पण आपल्या वाद्यात काय घडतं हे ठाऊक हवं.

पडदा दोन ठिकाणी वाचता आला पाहिजे, नाट्यगृहाच्या काळोखात आणि दुपारच्या मांडवात. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर मारून आणि कीबोर्डाकडे उभ्याने खाली पाहून तपासा. बरेच पडदे समोरून छान आणि तिरक्या नजरेला पांढरे दिसतात.

चौथी पायरी: ‘काळी चार’ म्हटल्यावर

आपल्याकडे गायक स्केल सांगतात ते हार्मोनियमच्या भाषेत. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी एक म्हणजे सी. गायक बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास असतात, गायिका काळी चार, काळी पाचच्या. तुम्ही गाणं पांढरी एकमध्ये बसवलंय आणि गायिका म्हणते, काळी चार. आता ट्रान्सपोज, म्हणजे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सगळे स्वर सारखेच वर किंवा खाली सरकवणं.

ट्रान्सपोजसाठी स्वतंत्र बटण हवं आणि किती सरकवलंय ते पडद्यावर सतत दिसलं पाहिजे. पांढरी एकवरून काळी चारला जायचं तर +८ किंवा −४. दोन्हींनी स्केल तेच येतं, पण सगळं वाजणं +८ ला वर चढतं आणि −४ ला खाली उतरतं. बासरी +८ ला शिट्टीसारखी होते, तर बेस −४ ला स्पीकरमध्ये नुसता गुरगुरतो. दोन्ही ऐकून ठरवायचं.

ट्रान्सपोज पॅचमध्ये साठतो की सगळ्या वाद्याला लागू राहतो, हे विकत घेण्याआधी विचारायचा फार मोठा प्रश्न आहे. एका जत्रेतल्या कार्यक्रमात आधीच्या गाण्याचा +४ तसाच राहिला आणि पुढच्या गाण्याची सुरुवात मी आत्मविश्वासाने भलत्याच स्केलमध्ये केली. गायकाने माझा षड्ज धरून ध्रुवपद उचललं, अंतऱ्याला त्याचा आवाज पोहोचेना, आणि ढोलकीचा चढा स्वर वेगळाच. ते गाणं थांबवून परत सुरू करावं लागलं. म्हणून मी आता प्रत्येक गाण्याचा ट्रान्सपोज त्याच्या पॅचमध्येच साठवतो.

ट्रान्सपोजचं बटण आहे म्हणून स्केलचा रियाज सोडू नका. काळी एक, काळी चार आणि काळी पाच या तीन तरी हातात बसवा. गायिका मध्येच अर्धा स्वर चढवायला सांगते तेव्हा बटणाकडे जाणारा हात वाजवणारा हात नसतो.

ट्रान्सपोज अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकतो. त्याहून बारीक सरकवायलाही सोय लागते. साथीला हार्मोनियम असेल तर ती तुमच्या कीबोर्डाच्या नेहमीच्या सुराशी, म्हणजे ४४० हर्ट्‌झशी, जुळेलच असं नाही. तबला उतरवता-चढवता येतो, बासरीवाला फुंकेतून सांभाळून घेतो, हार्मोनियमच्या रीडना तसं करता येत नाही. जुळवून घ्यायचं ते कीबोर्डानेच. मास्टर ट्यून ही सोय जवळजवळ सगळ्यांत असते, पण ती मेनूच्या किती आत पुरलेली आहे ते बघून ठेवा.

आणि गांधार. कीबोर्डातलं प्रत्येक सप्तक १२ सारख्या भागांत कापलेलं असतं, एकेक भाग १०० सेंटचा. तानपुऱ्याच्या खर्जात ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र कीबोर्डाच्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. पाश्चात्त्य चालीच्या गाण्यात हे कळतही नाही. नाट्यगीतात, अभंगात तानपुऱ्यासोबत लांब गांधार धरला की कानाला खुपतं. ज्या वाद्यात प्रत्येक स्वर वेगळा उतरवता-चढवता येतो, ते शास्त्रीय अंगाच्या साथीला घ्यावं. फक्त एक तपासा: सी हा षड्ज मानून ई १४ सेंट उतरवा, मग ट्रान्सपोज −४ करा, फोनवर काळी चारचा तानपुरा लावा आणि सी-ई वाजवा. गांधार अजून गोड लागतो का? काही वाद्यांत उतरवलेला स्वर ट्रान्सपोजबरोबर सरकतो, काहींत मूळ जागीच राहतो आणि भलताच स्वर बेसूर होतो.

पाचवी पायरी: मींड कशी घेणार

१९४० पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिच्यावरच्या आक्षेपांत एक मोठा आक्षेप हाच होता की या वाद्यात स्वर सुटे सुटे, एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. कीबोर्डाकडे त्यावर उत्तर आहे, डाव्या हाताशी असलेलं पिच बेंडचं चाक. काहींना चाक असतं, रोलंडसारख्यांना डावी-उजवीकडे सरकणारी आणि पुढे ढकलली की कंप देणारी एकच दांडी. सतार, सारंगी, बासरी वाजवायची तर या चाकावर तुमचा हात बसला पाहिजे. मला चाक बरं वाटतं कारण ते हळू हळू सोडता येतं. दांडीची स्प्रिंग हात सुटला की स्वराला झटका देते. पण दांडीवर मोठा झालेला हात त्याच दांडीवर अप्रतिम मींड काढतो, त्यामुळे हे तुमचं तुम्ही ठरवा.

चाक कारखान्यातून बहुधा दोन पट्ट्यांच्या अंतरावर लावलेलं येतं, म्हणजे सा वरून फार तर रे पर्यंत. प्रत्येक पॅचला हे अंतर वेगळं ठेवता आलं पाहिजे: बासरीला दोन, सतारीला चार-पाच. सतारीच्या पॅचमध्ये खाली जाणारी मींड बंद ठेवता आली तर फारच उत्तम, कारण सतारीची तार ओढली की स्वर चढतोच.

१९५४ सालच्या एका हिंदी चित्रपटात गाजलेली पुंगी कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. त्या वाद्यात आजच्या स्वस्तातल्या स्वस्त कीबोर्डाइतकेही टोन नव्हते. लोकांना मात्र साप दिसला.

पट्टी दाबून ठेवून आणखी दाब दिला की कंप किंवा आवाज वाढतो, त्या सोयीला आफ्टरटच म्हणतात. व्हायोलिनच्या टोनला तिने जीव येतो. महाग वाद्यांतही ती नसू शकते, म्हणून माहितीपत्रकात शोधा.

सहावी पायरी: टोन ऐका, पण सभागृहाच्या कानाने

हेडफोनमध्ये पियानो डाव्या कानापासून उजव्यापर्यंत पसरलेला असतो. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाला तुमच्याकडून एकच वायर घेतो आणि सगळ्या स्पीकरांना तेच पाठवतो. डावी-उजवी बाजू एकत्र केली की त्यातल्या काही ध्वनिलहरी एकमेकींना खोडून काढतात आणि भरदार पियानो डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो. म्हणून दुकानात सांगा, मागच्या डाव्या जॅकला, ज्यावर मोनो असंही लिहिलेलं असतं, एकच वायर लावा आणि एका स्पीकरवर ऐकवा. ज्या वाद्यात पियानोचा खास मोनो टोन दिलेला असतो त्याला माझ्याकडून जास्तीचा एक गुण.

टोन नुसता एकटा ऐकून निवडू नका. फोनवर एखादं मूळ गाणं लावा आणि त्यावर वाजवून बघा. एकटा असताना भारी वाटणारा, प्रतिध्वनीने भरलेला पॅड तबल्यासोबत चिखल करतो.

ऑर्गनच्या बाबतीत फसू नका. कीबोर्डात ऑर्गन म्हणून येतो तो बहुधा हॅमंड, नऊ दांड्या ओढून स्वर घडवायचा अमेरिकन वाद्याचा आवाज. संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवायचा, रीडचा. पंडित तुळशीदास बोरकरांची साथ ऐकून मग दुकानात जा. रीड ऑर्गन किंवा हार्मोनियम या नावाखाली शोधा, त्यावर थोडा अकॉर्डियन मिसळा, कंप अगदी कमी करा, आणि जवळपास पोहोचाल.

एका वेळी किती स्वर वाजू शकतात हा आकडाही पाहा. ६४ म्हणजे दोन हातांना भरपूर वाटतात, पण पियानो आणि स्ट्रिंग्ज एकत्र असले, पाय सस्टेनवर असला की एकेका बोटाला चार-चार स्वर खर्ची पडतात आणि आधीचे गळू लागतात. १२८ असले की निर्धास्त.

सातवी पायरी: मागची बाजू

नवशिके पुढून बघतात. कीबोर्ड फिरवून मागे बघा.

साधे दोन जॅक सगळ्यांना असतात. ते आणि मिक्सर यांच्यातलं अंतर मोठं असलं की वायर घुरघुर पकडते, म्हणून मध्ये ती घुरघुर रोखणारी छोटी पेटी, म्हणजे डीआय बॉक्स, लागतो. स्वतःचा एक डीआय घ्या, साउंडवाल्याकडचा मोकळा असेल या भरवशावर जाऊ नका. मोठ्या वाद्यांना माइकसारखे तीन पिनांचे जॅक असतात, तिथे डीआयची गरज बहुधा उरत नाही. रिदमचे ट्रॅक कीबोर्डातूनच वाजवणार असाल तर ते आणि तुमचा टोन वेगवेगळ्या वायरींनी बाहेर काढता येतात का ते पाहा.

पाच पिनांचा गोल मिडीचा जॅक जुनाट दिसतो. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. १९८३ साली एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून ती ठरवली आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी व सिक्वेन्शियल कंपनीचे डेव्ह स्मिथ यांना तिच्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या कीबोर्डाला त्यातून वाजवता येतो, मध्ये कॉम्प्युटर लागत नाही. दोन कीबोर्ड वापरायचा विचार असेल तर हा जॅक असलेलंच वाद्य घ्या.

पायाला तीन जागा हव्यात: सस्टेन, आवाज कमीजास्त करणारं पेडल, आणि पुढच्या पॅचला नेणारी कळ. सस्टेन पेडलच्या आतली जोडणी कंपनीगणिक उलटसुलट असते. पाय ठेवल्यावर स्वर थांबतो आणि उचलल्यावर लांबतो असं झालं तर पेडल बिघडलेलं नाही. पेडलखाली खटका असेल तर तो फिरवा. काही कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा स्वतः ओळखतात, तेव्हा चालू करताना त्यावर पाय नको.

वीज. आत बसवलेला पुरवठा आणि कॉम्प्युटरसारखी साधी वायर असेल तर ती कुठेही मिळते. ॲडॉप्टर असेल तर पहिल्याच दिवशी दुसरा घेऊन ठेवा आणि त्यावर कीबोर्डाचं नाव चिकटवा. दुसऱ्या कंपनीचा ॲडॉप्टर जॅकमध्ये बसला तरी त्याचे धन-ऋण ध्रुव उलटे असू शकतात. जनरेटरवरच्या कार्यक्रमांत वीज क्षणभर डुलकी घेते आणि कीबोर्ड बंद होऊन परत सुरू होतो, म्हणून सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते दुकानात घड्याळ लावून मोजा. मी कॉम्प्युटरसाठी मिळतो तो लहान यूपीएस बरोबर ठेवतो. कीबोर्ड वीज फार खात नाही, तो बराच वेळ तग धरतो.

आठवी पायरी: उचलून बघा

यामाहा सीके ६१ साधारण साडेपाच किलोचा आहे, आत स्पीकर आहेत आणि आठ पेन्सिल सेलवरही चालतो. रोलंडचा ८८ पट्ट्यांचा आरडी-२००० जवळपास २२ किलोचा. बॅग, स्टँड, पेडल, वायरी धरून दुसऱ्याचं ओझं तीस किलोच्या घरात जातं. तुम्ही लोकलने जाता की एसटीने, की मित्राच्या गाडीने? नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने एकट्याने चढवणं होईल का? दुकानात कीबोर्ड बॅगेत भरायला सांगा, खांद्यावर घ्या आणि दोन फेऱ्या मारा.

स्टँडवर काटकसर करू नका. एका कातरीचा स्टँड जोरात वाजवलं की डोलतो, दोन कातऱ्यांचा घ्या.

जुना घेत असाल तर

काही पट्ट्या हळू दाबल्या तरी जोरात वाजतात का, हे प्रत्येक पट्टी एकेक करून पाहा, सगळ्या ६१. पट्टीखाली रबराची संपर्कपट्टी असते, तिच्यावर धूळ किंवा ओल बसली की असं होतं. बरेचदा साफसफाईने सुटतं, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावं लागतं, तेवढे पैसे भावातून कमी करा. पिच बेंडचं चाक सोडल्यावर मध्यावर परत येतं का, जॅक हलवल्यावर खरखर होते का, सरकपट्टी ओढताना आवाज तुटतो का, हे तपासा. कोकणातून, गोव्यातून येणारं वाद्य असेल तर खालच्या स्क्रूंना गंज आहे का बघा. तुमच्या घरीही पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खाद्यपदार्थांजवळ ठेवू नका, मुंग्या पट्ट्यांच्या फटीतून आत शिरतात.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी नवे टोन ऐकत बसण्याचा मोह होईल, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी वही काढा आणि पहिली पाच गाणी बांधा: टोन, स्प्लिट, ट्रान्सपोज, नाव. स्प्लिटची जागा ठरवताना त्या गाण्यातला सर्वांत खालचा स्वर कुठे येतो ते वाजवून बघा, मगच रेघ आखा. पाचही पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवा. त्यासाठी तेच चार स्वर तेवढ्याच जोराने प्रत्येक पॅचवर वाजवा आणि सर्वांत मोठा जो असेल तो खाली आणा, बाकीचे वर ढकलू नका. बासरी आणि ब्रास हे दोघे नेहमी अपेक्षेपेक्षा मोठे निघतात.

सगळं पेनड्राइव्हवर साठवा, पेनड्राइव्ह बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कीबोर्डाचं सॉफ्टवेअर कधीही बदलू नका.

मग एका संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा, फक्त कीबोर्डाचे दिवे राहू द्या. घरातल्या कोणालातरी तुमच्या यादीतलं कुठलंही गाणं पुकारायला सांगा आणि दहा सेकंद मोजायला सांगा. सुरुवातीचा पीस योग्य टोनवर, योग्य स्केलमध्ये सुरू झाला पाहिजे. पाचपैकी जे गाणं चुकेल त्याचं बटण बदला, जागा बदला, नाव बदला, आणि परत दिवा बंद करा.